नळातला करंट

दादाचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या बाजारात मेथी निवडत होते. "शैला गेली गं," एवढंच तो म्हणाला. आमच्या घरात भांडायला सगळ्यांना शब्द सापडतात, अशा वेळी मात्र एकालाही सापडत नाहीत... तशीच रिक्षा केली आणि मुलुंड गाठलं. शैलावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर होती. उशाजवळचं ऑक्सिजनचं मशीन कोणीतरी बंद केलं होतं. कित्येक महिने त्या घरात त्याची घरघर चालू होती. ती थांबली होती, त्यामुळे मला ते घर ओळखीचं वाटेना.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे "फार शांत होत्या हो" म्हणतात, आणि मला हसावं की रडावं कळत नाही. वहिनी शांत नव्हती. ती हट्टी होती, शिस्तीची होती, आणि तिला चूक दिसली की समोरचा नवरा आहे की नणंद आहे की सोसायटीचा चेअरमन, हे ती बघत नसे. मीही काही कमी नाही. शाळेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे आवाज आहे आणि तो खाली आणायची सवय नाही. आम्ही दोघी एका खोलीत असलो की दादा पेपर घेऊन गच्चीत जायचा.

शेवटची भेट झाली तीही भांडणाचीच. मी गेले, तर तब्येतीचं विचारू देण्याआधी हिचा प्रश्न, "सापडला काय गो?" मी म्हटलं, "वहिनी, तुला दोन शब्द बोलताना धाप लागतेय आणि तू त्या खालच्या मजल्यावरच्या नळाचं काय घेऊन बसलीस?" तिने नाकातली नळी सरळ केली, थोडा वेळ श्वास गोळा केला आणि म्हणाली, "धाप माका लागता, शॉक त्या पोरीक लागता. अर्चनाच्या नळाचं बघ." रागावली की ती माहेरच्या मालवणीत शिरायची. माझ्याशी बोललेलं तिचं हे शेवटचं वाक्य. म्हणून हा लेख नळाबद्दलही आहे. वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं.

वहिनी आयटीआय करून भांडुपच्या एका लहान कारखान्यात लागली होती. तिथे बॅटरी चार्जर बनत आणि तयार झालेला प्रत्येक चार्जर हिच्या टेबलावरून तपासून जाई. लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा तिच्या पेटीत साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेलं, वीज मोजायचं एक मल्टिमीटर निघालं. आईने ते काही दिवस ब्लडप्रेशरचं यंत्र समजून जपलं. पुढे कारखाना बंद पडला, तेव्हा वहिनीने बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक टेबल मांडलं आणि मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायला लागली. बिल्डिंगमधल्या बायका आधी मिक्सर घेऊन यायच्या, मग मिक्सर कसा उघडतात ते बघायला थांबायच्या, आणि बघता बघता दुपारचा वर्गच सुरू झाला. मी सुट्टीत मुलुंडला गेले की मागे बसायचे. "तुझ्याने नाय व्हायचा," ती म्हणायची. "तू आधी बोलतस, मगे बघतस." एवढं ऐकल्यावर मी शिकले नसते तरच नवल.

तिचा पहिला धडा कायम एकच असे. मीटरला दोन वायरी, एक काळी, एक लाल. व्होल्टेज बघायचं तर दोन टोकांना दोन पिना टेकवल्या की काम झालं; बाहेर उभं राहून चौकशी केल्यासारखं. करंटचं तसं नाही. किती करंट वाहतोय हे बघायचं तर वाट तोडून मीटरला मधोमध उभं करावं लागतं, म्हणजे जे काही जाईल ते त्याच्या अंगातून जाईल. म्हणून करंटसाठी लाल वायर काढून दुसऱ्या भोकात घालायची, ज्याच्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं. पण त्या भोकात लाल वायर असताना मीटर हे मीटर राहत नाही, ते नुसता तारेचा तुकडा होतं. तशाच अवस्थेत कोणी पिना भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसल्या तर काय होईल? इथे ती थांबायची आणि उजवा तळहात सगळ्यांसमोर धरायची. बोटांच्या मुळाशी चकचकीत, ताणलेली कातडी होती. "ह्या होईल," म्हणायची.

कारखान्यात एकदा करंट मोजत असताना तिला कोणीतरी चहाला हाक मारली. परत आली, आता व्होल्टेज बघायचं होतं म्हणून मीटरची चकती फिरवली, पण लाल वायर करंटच्या भोकातच राहिली. पिना प्लगला लागल्या आणि डोळ्यांसमोर पांढरं झालं. मीटर फुटलं, पीन वितळली, हात भाजला. ही गोष्ट ती येईल त्याला सांगायची. नव्या विद्यार्थिनीला, दुधवाल्याला, एकदा तर दादाच्या साहेबांना, जे बिचारे फक्त जेवायला आले होते. दादाला ते आवडत नसे. "कशाला स्वतःचा पचका सांगत बसतेस?" तो म्हणे. तिचं उत्तर ठरलेलं होतं : "माझा हात भाजलो तो भाजलो. ऐकून दुसऱ्याचो वाचलो तर फुकट नाय गेलो." आणि मग वर्गाकडे वळून, "टेबलावरून उठायच्या आधी लाल वायर घरी." घरी म्हणजे परत व्होल्टेजच्या भोकात. शिकणाऱ्या बायकांनी बॅटरी आणि चिमुकल्या बल्बवरच करंट मोजायचा, घरच्या लाइनवर वाट तोडून मीटर मध्ये घालायचं नाही, हाही तिचा कडक नियम. त्यासाठी तिच्याकडे क्लॅम्प मीटर होतं. त्याला चिमट्यासारखा जबडा असतो. वायर न तोडता, न सोलता, तो तिच्याभोवती नुसता मिटायचा आणि आतून किती करंट जातोय ते वाचायचं.

मग तिची फुफ्फुसं कडक होत गेली. का, ते कोणी नीट सांगू शकलं नाही. गणपती गेले त्या सुमाराला घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, एका संस्थेकडून वापरायला मिळालं होतं. दादाने पलंग खिडकीशी ओढला आणि मशीनचा प्लग टेबलाच्या बोर्डावर लावला, तोच सगळ्यात जवळ होता. टेबलाच्या लाइनचा स्विच वहिनीने मेनजवळ बसवला होता आणि काम संपलं की ती तो बंद करायची; तो आता कायम चालू राहिला. टेबलावरची आयुधं खोक्यात गेली. दुपारचा वर्ग बंद झाला.

अर्चना खालच्या मजल्यावर, बरोबर आमच्या दादाच्या घराखाली राहते. मालाडला एका ऑफिसात नोकरी, घरी सासू आणि नुकतं उभं राहायला लागलेलं पोर. ती एकदा वर आली आणि म्हणाली, "काकू, मोरीतल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. आज तर झटकाच बसला." सोसायटीच्या वायरमनने गीझर बघितला, काढून ठेवला, तरी झटका गेला नाही. वहिनीला हे कळलं आणि पडल्या पडल्या तिच्यात जान आली. मला बोलावून घेतलं, मीटर हातात दिलं आणि फोनवरून मला चालवायला लागली. आधी चालू असलेल्या प्लगवर मीटर तपासून घे, मीटरच मेलेलं असेल तर सगळं शून्य दिसेल. पायात रबरी चप्पल. हात कोरडे. एक पीन प्लगच्या अर्थिंगला, एक नळाला. नळावर व्होल्टेज होतं. अर्चनाच्या घराची मेन बंद केली, तरीही होतं. म्हणजे करंट तिच्या घरातला नव्हताच, पाइपातून दुसरीकडून येत होता. "नळ वापरू नको. पोराला त्या नळाजवळ अजिबात नेऊ नको," वहिनीने फोनवरूनच अर्चनाला बजावलं. तेव्हापासून ती स्वयंपाकघरातून प्लास्टिकच्या बादल्या भरून न्यायला लागली.

एका रविवारी सोसायटीने वायरमनला बोलावून एकेका घराची मेन थोडा वेळ बंद करायचं ठरवलं. ज्या घराची बंद केल्यावर नळावरचं व्होल्टेज जाईल, ते घर गुन्हेगार. मी अर्चनाच्या मोरीत मीटर धरून उभी, वर फोनवर वहिनी. पहिला मजला झाला, दुसरा झाला. आकडा हलेना. तिसऱ्या मजल्यावर वायरमन दादाच्या दाराशी आला तेव्हा वहिनी म्हणाली, "आमचं सोडा. एक तर हे मशीन बंद करता यायचं नाही, आणि आमची वायर मी स्वतः ओढलीय." सगळ्यांनी मान डोलावली. मीही. त्या घराचा मेन स्विच सोडून सगळ्या बिल्डिंगचे स्विच खालीवर झाले आणि निष्कर्ष निघाला की करंट बाहेरून, रस्त्यावरच्या केबलमधून येत असावा. तक्रार गेली, माणूस बघून गेला, काही निघालं नाही. वहिनी मात्र रोज विचारत राहिली. मग ती गेली.

दिवस-कार्य आटपल्यावर एकदा जिन्यात अर्चना भेटली. म्हणाली, "ताई, एक सांगू का? नळाचं बंद झालंय. तुमचं मीटर नाहीय ना माझ्याकडे, पण वायरमनने बघितलं, काहीच नाही दाखवत. सासूबाई म्हणतात काकूंनी जाताना सोबत नेलं." मी म्हटलं, "कधीपासून बंद झालं?" तिने विचार केला. "त्या गेल्या ना... त्याच दिवसापासून." आणि सुरू कधी झालं होतं? "गणपती गेले तेव्हा." तिने ते सहज सांगितलं. मला मात्र ते सहज ऐकता आलं नाही. कारण गणपती गेले तेव्हा त्या घरात काय आलं होतं आणि वहिनी गेली त्या दिवशी काय बंद झालं होतं, ते मला माहीत होतं.

वर गेले. दादा दुपारचा झोपला होता. त्याला न उठवता मेन बंद केली, शेजारच्या, टेबलाच्या लाइनच्या स्विचचं झाकण उघडलं, क्लॅम्पचा जबडा एकाच वायरीभोवती मिटवला, हात बाजूला घेतले, मेन चालू केली. टेबलाच्या बोर्डावर काहीही लावलेलं नव्हतं. मशीनचा प्लगसुद्धा काढून ठेवलेला. स्विच बंद असताना शून्य. पेनाच्या टोकाने स्विच दाबला आणि आकडा आला. लहानच होता, पण होता. काहीही जोडलेलं नसताना करंट जात होता. तो बाहेर कुठेतरी गळत होता, एवढाच त्याचा अर्थ... मी स्विच बंद केला, मेन बंद केली, आणि वहिनीच्या रिकाम्या पलंगावर बसून तिला मोठ्याने शिव्या घातल्या. दादा जागा झाला तो त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी वायरमनने मोरीच्या भिंतीलगतची प्लायवूडची फळी काढली. आतून जुना लोखंडी पाइप जात होता. मोरी नवी केली तेव्हा प्लास्टिकचे पाइप घातले गेले आणि हा तसाच राहून गेला होता. वरून बंद, पण खाली अजून अर्चनाच्या नळाला जोडलेला. वहिनीने टेबलासाठी वायर ओढली ती याच पाइपाच्या अंगाने, पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळून. काम नेटकं होतं, तिचं काम नेटकंच असायचं. पण भिंतीला ओल होती आणि इतक्या वर्षांत एका पट्टीची धार वायरीच्या कातडीत उतरली होती. टेबलावर ती थोडा वेळ काम करायची तेव्हा ते कोणाला जाणवलं नाही. तेव्हा बहुधा धार पुरती उतरलीही नसेल. मशीन मात्र अहोरात्र चालू होतं.

दादा फळी हातात धरून उभा होता. वायरमन चहाला गेल्यावर म्हणाला, "नवीन वायर टाकून घेऊ. खाली कोणाला काही बोलू नकोस."

"का?"

"का म्हणजे? अख्ख्या मुलुंडच्या बायकांना शिकवत होती ती, आणि तिच्याच घरातून... लोक काय म्हणतील? आता ती उत्तर द्यायलाही नाही." मग, माझ्याकडे न बघता, "आणि त्या बोर्डावर प्लग मी लावला होता."

माझा भाऊ मला लहानपणापासून ठाऊक आहे. तो स्वतःबद्दल इतकं एका दमात कधी बोललेला नाही. मला त्याची दया आली, पण मी मागे हटले नाही. म्हटलं, "दादा, तू प्लग लावलास म्हणून ती इतके महिने श्वास घेऊ शकली. त्याची लाज तुला नको. पण जी बाई भाजलेला तळहात दुधवाल्याला दाखवायची, तिची ही चूक आपण लपवायची? ती आत्ता इथे असती तर आधी खाली गेली असती, मग चहा प्यायली असती. तू येत नसशील तर मी एकटी जाते." तो आला. चपला न घालताच आला.

अर्चनाला सांगितलं ते दादानेच. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. तिने समजूतदारपणा दाखवावा अशी माझी अपेक्षा नव्हती, आणि तिने तो दाखवलाही नाही. "म्हणजे मी वर येऊन काकूंना सांगत होते, आणि ते वरूनच येत होतं? कळेपर्यंत मी पोराला त्या नळाखाली आंघोळ घातलीय, दादा." दादाने हात जोडले. तिने ते बघितलं नाही. आत गेली, पाणी प्यायली, परत बाहेर आली आणि मला म्हणाली, "नवीन वायर टाकाल तेव्हा मला बोलवा. नळावर मीटर मी धरणार. कसं धरायचं ते शिकवा." आणि मग, "काकूंनी दोनदा बोलावलं होतं मला वर्गाला. नोकरीत वेळच नव्हता यार."

मी तिला वहिनीच्या टेबलावर बसवून शिकवलं. माझ्याच शब्दांत, माझ्याच चढ्या आवाजात. वहिनीची नक्कल मला जमत नाही आणि करायचीही नाही. ती पटकन शिकली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहून सगळं सांगितलं, वायर कोणी ओढली होती ते नावासकट. दोघे-तिघे कुजबुजले. कुजबुजू देत. गळका करंट दिसला की आपोआप पडणारा स्विच प्रत्येक घरात बसवायचा ठराव त्याच मीटिंगमध्ये झाला, आणि कामाला उशीर झाला तर मी रोज घाटकोपरहून येऊन चेअरमनच्या दारात बसेन, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. त्यांनी मला शाळेत शिकवताना ऐकलेलं नाही, पण अंदाज आलेला दिसला.

वायर बदलली त्या दिवशी वायरमन म्हणाला, नुसतं बघून उपयोग नाही, लोड टाकून बघा. बराच वेळ चालणारं काहीतरी लावा. घरात तसं एकच होतं. संस्थेकडे परत जायचं म्हणून ते दाराशी चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं. मी दादाकडे बघितलं. त्याने चादर सोडली, मशीन ढकलत पलंगाशी आणलं, नेहमीच्या जागी ठेवलं आणि प्लग लावला. मी दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये घेतल्या. अशा दोन्ही एकत्र घेतल्या की गेलेला आणि परतलेला करंट एकमेकांना खोडतात. काही गळत नसेल तर मीटर शून्य दाखवतं. दादाने स्विच दाबला. मशीन खोकल्यासारखं झालं आणि मग ती घरघर सुरू झाली.

माझ्या हातात शून्य होतं. खालून अर्चनाचा आवाज आला, "ताई, शून्य! एकदम शून्य!" बहुधा अख्ख्या जिन्याने ऐकलं असेल. वायरमनने अवजारं पिशवीत भरली, गळतीला पडणारा नवा स्विच दाबून, पाडून दाखवला आणि तो गेला. मशीन चालू होतं. रिकाम्या उशीवर नळीतून हवा येत होती. दादा पलंगाच्या कडेला टेकला होता.

"दादा, टेस्टिंग झालं," मी म्हटलं.

"असू दे जरा."

आणि मी, जिला एवढ्या वर्षांत वहिनीसुद्धा गप्प करू शकली नाही, तिथे गप्प बसले. अर्चना मीटर घेऊन वर आली, दारातच थांबली, आवाज ऐकला आणि चपला काढून आत येऊन जमिनीवर बसली. पुष्कळ वेळाने दादा उठला, उशी सारखी केली, आणि त्याने आपल्या हाताने स्विच बंद केला.